जांभळी टोपी आणि केसांची जाळी

ट्रिना लाइकर दुसरीत, मिसेस वाइगलच्या वर्गात होती तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या रांगेतून पुढे येऊन तिने माझ्या काउंटरवर ट्रे आपटला आणि म्हणाली, "व्हर्ला आत्या, मी मोठी झाले की मिसेस वाइगलच्या खुर्चीवर बसणार."

"आणि मिसेस वाइगल कुठे बसतील?"

तिने जरा विचार केला. "त्या तोवर म्हाताऱ्या होतील," म्हणाली, आणि चिलीत, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्यात, दालचिनीचा रोल बुडवत निघून गेली.

मारियनफेल्डच्या शाळेचं स्वयंपाकघर गेली तीसेक वर्षं माझ्या ताब्यात आहे. आमचं गाव सगळं रशियातल्या व्होल्गाकाठून आलेल्या जर्मनांचं. कॅन्ससच्या या माळावर येऊन शंभरावर वर्षं झाली, पण लग्नं आपसातच करत राहिलो. कोण कुणाचा चुलत आणि कोण मावस हे आता फादरनाही सांगता येत नाही. मी निम्म्या शाळेची आत्या लागते. ट्रिनाचा बाप स्टॅन तर माझा सख्खा चुलतभाऊ. तो सहकारी धान्यकोठारावर ट्रक चालवतो आणि दिवसाला मोजून दहा शब्द बोलतो. उरलेले सगळे शब्द त्याची बायको जनेल बोलते. जनेल वृद्धाश्रमात संध्याकाळच्या पाळीला असते. कष्टाळू बाई, पण एकदा डोक्यात काही घेतलं की देवाचंही ऐकायची नाही. पोरगी तिच्यावर गेली आहे, हे तिला कुणी सांगितलं की तिला राग येतो.

तर जनेलने डोक्यात घेतलं होतं सेंट ओटिलिया. तीन तासांवर, टेकड्यांमध्ये, लाल विटांचं, घंटामनोरा असलेलं ते कॉलेज. आमचे मुख्याध्यापक वासिंगर तिथले, मिसेस वाइगल तिथल्या, शाळेतले निम्मे शिक्षक तिथले. जनेललाही तरुणपणी तिथे प्रवेश मिळाला होता. त्याच जूनमध्ये कापणीच्या तोंडावर गारा पडल्या, तिच्या बापाचा उभा गहू आडवा झाला. बाप म्हणाला, एक वर्ष थांब. ते वर्ष संपलंच नाही. हे ती कधी बोलून दाखवत नाही, पण चर्चमध्ये सेंट ओटिलियाचं नाव निघालं की तिची मान ताठ होते ती मी पाहिली आहे.

ट्रिना शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली आणि सेंट ओटिलियाने तिला घेतलं. शिष्यवृत्तीही दिली. जनेलने सगळ्या गावाला सांगितलं. शिष्यवृत्ती वजा जाता जे उरत होतं, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. ते सत्तर हजार डॉलर होते, आणि सगळे कर्जाने उभे करायचे होते.

ट्रिना दर उन्हाळ्यात माझ्या हाताखाली काम करायची. सुट्टीतही आम्ही गावातल्या पोरांना जेवण देतो. रोलची कणीक मळायला तिच्याइतकी चिवट पोरगी मला मिळाली नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात एकदा ती जेवणाच्या सुट्टीत मला मदत करत होती आणि वासिंगर दुसऱ्यांदा चिली घ्यायला आले. चिलीचा डाव हातात धरून हिने सरळ विचारलं, "सर, सेंट ओटिलियाहून शिकून आलेल्या मास्तरांना इथे पगार जास्त मिळतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे दोन नवीन बाई आल्या. एक सेंट ओटिलियाची, एक साध्या सरकारी कॉलेजची. पगार कुणाला जास्त?"

वासिंगर हसले. "पगाराचा तक्ता सगळ्यांना एकच आहे, ट्रिना. पहिल्या वर्षाची पायरी ती पहिल्या वर्षाची पायरी."

"ती पायरी केवढी?"

"चाळीस हजाराच्या आसपास. वर्षाला."

"आणि तक्ता विचारत नाही कुठून शिकलात ते?"

"तक्ता कसा विचारेल? तो कागद आहे," वासिंगर म्हणाले, आणि वाटीकडे बघून, "अगं, वाढ ना!"

तिने वाढलं. त्यानंतर तिने एकच पातेलं तीनदा घासलं. मला वाटलं पेंगते आहे.

शनिवारी आम्ही दोघी माझ्या पिकअपमधून घाऊक दुकानात पीठ आणायला निघालो. हायवेच्या पेट्रोलपंपावर गल्ल्याला मिसेस वाइगल होत्या. दर शनिवारी असतात. माणसांत राहायची आवड म्हणून त्या तिथे काम करतात असं आमचं गाव म्हणतं, आणि गाव एकदा काही म्हणायला लागलं की पुढे कुणी तपासत नाही. ट्रिनाने कॉफीचे पैसे दिले आणि तिथेच उभी राहिली.

"मिसेस वाइगल, तुम्हाला इथे खरंच करमतं?"

"कोण म्हणतं करमतं म्हणून?"

"सगळेच म्हणतात."

"मग सगळ्यांना सांग, मला घरी सोफ्यावर पाय वर करून जास्त करमतं." त्यांनी सुटे पैसे तिच्या हातावर ठेवले. मिसेस वाइगल मुलं मोठी झाल्यावर शिकायला गेल्या होत्या, चाळिशीला टेकता टेकता मास्तरीण झाल्या. "सेंट ओटिलियाचा घंटामनोरा फार सुंदर आहे गं. मी अजून त्याचे हप्ते भरते आहे."

"पण शाळेत दहा वर्षं काढली की सरकार कर्ज माफ करतं ना?"

"करतं की. फक्त हप्ते ठरलेल्या योजनेत भरलेले लागतात. मी भरत होते ते भलत्याच योजनेत. नऊ वर्षं भरल्यावर मला ते कळलं." त्या हसल्या, पण मागे रांग लागली होती म्हणून. "तू मात्र जा हो. तुझ्यासारखीच हवी वर्गात. माझी खुर्ची तू मागून ठेवली आहेस, विसरले नाहीये मी."

पिकअपमध्ये बसल्यावर ट्रिना म्हणाली, "तिसरीच्या वर्गाला गेल्या चार वर्षांत किती बाई झाल्या, आत्या?"

"मी काय जेवणं मोजते की बाई?"

"तीन. तिघी चांगल्या होत्या. एक आता विमा विकते, एक डेन्व्हरला हॉटेलात आहे. पोरांचा कंटाळा आला म्हणून नाही गेल्या. हप्ते भागेनात म्हणून गेल्या." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला सेंट ओटिलियाला जायचं नाहीये."

तिने घरी सांगितलं. तिसऱ्या दिवशी जनेल माझ्या मागच्या दाराशी हजर.

"तूच तिच्या डोक्यात भरवलंस हे."

"मी तिच्या डोक्यावर फक्त जाळी घालते, जनेल. आत काय आहे ते तुझ्याकडून आलंय."

"कर्ज कोण काढत नाही? आम्ही घराला काढलं, ट्रकला काढलं. तेव्हा कुणी रडलं नाही!"

दार उघडं होतं आणि ट्रिना आत कांदे चिरत होती. ती तिथूनच म्हणाली, "आई, ट्रक विकता येतो. डिग्री परत देऊन पैसे मागता येत नाहीत."

"बघ, बघ कशी बोलते! आईला हिशेब शिकवते."

"शिकवायचंच आहे मला. हिशेबही."

मला हसू आलं आणि जनेलने ते पाहिलं. मग ट्रिनाला म्हणाली, "गुरुवारी जिममध्ये ती टोपी घाल, सही कर आणि गप्प बस. बाकीचं नंतर बघू." आणि दार आपटून गेली.

आता ही टोपी काय ते सांगते. आमच्याकडे पोराला फुटबॉलसाठी किंवा धावण्यासाठी कॉलेजने घेतलं की शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या सभागृहात, त्याचा सोहळा होतो. टेबलावर झालर, मागे फुगे, दोन बाजूंना आईबाप, समोर सगळी शाळा. पोरगं कॉलेजची टोपी उचलून डोक्यावर घालतं, कागदावर सही करतं, पेपरवाला फोटो काढतो. त्या वर्षी वासिंगरांच्या मनात आलं, की नेहमी चेंडू पकडणाऱ्यांचंच कौतुक का, मास्तर होणाऱ्यांचंही करू. कल्पना चांगली होती. जनेल तर हवेतच होती. तिने स्वतःला जांभळा स्वेटशर्ट आणला. गाडीच्या मागच्या काचेवर 'सेंट ओटिलियाची आई' असं लिहिलेलं भलं मोठं स्टिकर चिकटवलं. जांभळ्या क्रीमचा टेबलभर केक सांगितला. पोरगी तीनदा नाही म्हणाली होती. जनेलला ते ऐकूच आलं नव्हतं.

गुरुवारी मी एप्रन काढून जिमच्या दाराशी उभी राहिले. आधी एका उंच पोराने निळी टोपी घातली, टाळ्या. मग धावणाऱ्या पोरीने लाल घातली, टाळ्या. मग वासिंगर म्हणाले, "आणि आमची पहिली भावी शिक्षिका, ट्रिना लाइकर!" टेबलावर जांभळी टोपी ठेवली होती. जनेल शेजारी बसून डोळे पुसत होती. स्टॅन चर्चमधला कोट घालून आला होता.

ट्रिनाने टोपी उचलली, नीट बाजूला ठेवली. स्वेटरच्या खिशातून माझ्या स्वयंपाकघरातली केसांची जाळी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली. कानामागचे केससुद्धा आत खोचले, मी शिकवलं होतं तसे.

मागच्या बाकांवर हशा पिकला. तिने तो संपू दिला.

"मी शिक्षिका होणार आहे," ती म्हणाली. "याच शाळेत. पण सेंट ओटिलियाला जाणार नाही. सकाळी व्हर्ला आत्याकडे काम करीन आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या कॉलेजात शिकेन. वेळ जास्त लागेल. त्या टोपीचे पैसे शिक्षिकेच्या पगारातून फिटत नाहीत, म्हणून लोक शाळा सोडून जातात. मला सोडायची नाहीये. एवढंच."

सही करायला समोर सेंट ओटिलियाचा शोभेचा कागद होता. तिने त्यावर सही केली नाही. पेपरवाल्याला फोटो काढावा की नाही तेच कळेना. वासिंगर माइकपाशी जाऊन "बरं, बरं" म्हणाले. जनेल उठली. तिने केक उचलला आणि तो दोन्ही हातांवर घेऊन भर जिममधून बाहेर चालत गेली. स्टॅन आठवडाभर जांभळ्या जिभेने धान्यकोठारावर हिंडत होता. त्याला केकबद्दल विचारलं तर म्हणाला, "चांगला आहे."

त्या दिवशी मला ट्रिनाचा अभिमान वाटला आणि जनेलची दया आली. दोन्ही एकदम.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती सगळी सारखी होती. पहाटे कणीक, दुपारी भांडी, संध्याकाळी कॉलेज. दोन वर्षांनी ते संपलं, मग रात्री घरी कॉम्प्युटरवर सरकारी कॉलेजचा अभ्यास. बरोबरीच्या पोरी सुट्टीत गावी यायच्या, नवे कोट, नव्या मैत्रिणी. तिच्या अंगाला कायम यीस्टचा वास. कुणी तरी एकदा विचारलं, "अजून ताटंच वाढतेस का?" तेव्हा म्हणाली, "हो, तू किती घेणार?" फी ती पगारातून भरत होती, कर्जाचा एक डॉलरही नव्हता. मायलेकी एका घरात राहत होत्या, पण बोलणं म्हणजे दूध संपलंय, गाडी मागे घे, दार लाव. जनेलने स्टिकर काढलं नव्हतं. उन्हाने जांभळ्याचं राखाडी झालं, तरी ते तिथेच होतं. तिला काढायला सांगायची छाती गावात कुणाला नव्हती, मलाही नाही.

असं करत शेवटचं सत्र आलं आणि तिथे घोडं अडलं. पदवीच्या आधी चार महिने खऱ्या वर्गात पूर्णवेळ शिकवायचं असतं. पगार नाही, वर कॉलेजची फी भरायची. फुकट राबायचं आणि त्याचे पैसेही आपणच द्यायचे, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला चार महिने माझ्याकडे बटाटे सोलायला बसवायला हवं. ट्रिनाने त्या चार महिन्यांची सोय करून ठेवली होती. पण नोव्हेंबरात कॉलेजचं काम आटोपून येताना तिच्या गाडीसमोर हरीण आलं. तिला खरचटलंसुद्धा नाही, गाडी मात्र भंगारात गेली. विमा नावापुरता होता. गाडीशिवाय आमच्याकडे माणूस कुठे जाऊ शकत नाही. जुनी का होईना दुसरी घेतली आणि साठवलेलं सगळं संपलं.

"आता?" मी विचारलं.

"आता एक वर्ष थांबते. पुन्हा साठवते."

"मिसेस वाइगल येत्या मे महिन्यात निवृत्त होणार आहेत, पोरी. वर्षभर ती खुर्ची रिकामी ठेवणार आहेत का तुझ्यासाठी?"

"माहीत आहे मला."

"मग थोडं कर्ज काढ की! चार महिन्यांपुरतं. सत्तर हजार थोडेच आहेत?"

"आत्या," ती म्हणाली, "सगळ्यांचं थोडंच असतं सुरुवातीला." आणि कणकेवर असे गुद्दे मारायला लागली की टेबल हलायला लागलं. रडत होती, पण मळणं थांबवलं नाही.

त्या शनिवारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका बीरॉक करायला जमलो होतो. कोबी आणि खिमा भरलेले पाव, दरवर्षी विकून चर्चचं छप्पर दुरुस्त करतो, आणि छप्पर दरवर्षी गळतं. मी मुद्दाम जनेलच्या शेजारी बसले. दोघींनी पारीत सारण भरायचं आणि कडा चिमटायच्या.

"तुझी पोरगी एक वर्ष थांबणार आहे," मी म्हणाले.

तिने पुढची पारी घेतली.

"दुसरीच्या वर्गाची जागा जाईल तिची. सहा वर्षं त्या जागेसाठी माझ्याकडे राबली. एका हरणापायी जाईल."

जनेलने एक बीरॉक इतका घट्ट चिमटला की सारण बाहेर आलं. तिने ते पुन्हा आत कोंबलं. म्हणाली, "माझे वडील पण असंच म्हणाले होते. एक वर्ष थांब." मग ती उठून हात धुवायला गेली आणि परत माझ्या शेजारी आलीच नाही.

नाताळच्या सुट्टीआधी वासिंगरांनी ट्रिनाला आपल्या खोलीत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मला वाटलं कुणी तरी गेलं. विचारलं तर म्हणाली, "मी जानेवारीत शिकवायला उभी राहणार आहे," आणि पुढे काही सांगेना. वासिंगर मला म्हणाले, "व्हर्ला, तुझ्याकडे चार महिन्यांसाठी बदली बाई येईल." कोण, ते सांगितलं नाही. म्हणाले, "कामाची आहे, जरा तापट आहे. तुझं जमेल."

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी, बाहेर अजून अंधार असताना, मागचं दार उघडलं. वारा आत आला आणि वाऱ्यामागून जनेल. आदल्या रात्री वृद्धाश्रमातली पाळी करून आली होती, डोळ्यांखाली काळं. तिने कोट खुंटीला लावला.

"जाळी कुठे असते?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं. तिने डोक्यावर घातली. कानामागचे केस बाहेर राहिले होते, ते मी आत खोचले. तिने खोचू दिले.

"तिकडे रात्री, इकडे पहाटे. झोपणार कधी?" मी म्हणाले.

"दुपारी. आणि हा पगार तिचा. मी हातही लावणार नाही. काय मळायचंय ते सांग, उगाच बडबडू नकोस."

त्या दिवशी चिली आणि दालचिनीचे रोल होते. दुपारी दुसरीचा वर्ग रांगेत आला आणि सगळ्यांत पुढे ट्रिना, गळ्यात ओळखपत्र. काउंटरमागे आई उभी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मागे पोरं ट्रे वाजवत होती.

"मिस लाइकर," जनेल म्हणाली, मोठ्याने, सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं, "बाई पोरांच्या आधी जेवत नाहीत. मागे जा."

ट्रिना मागे गेली. शेवटी तिची पाळी आली तेव्हा जनेलने तिच्या ट्रेमध्ये दोन रोल ठेवले.

"नियमाने एकच मिळतो," मी म्हणाले.

"माझ्या पगारातून काप," जनेल म्हणाली.

ट्रिना हसली, आणि मग तिला ट्रे खाली ठेवून डोळे पुसावे लागले. एका पोराने विचारलं, "मिस लाइकर, तिखट लागलं का?"

मेमध्ये वासिंगर नेमणुकीचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. जिम नको, फुगे नकोत, असं ट्रिनाने आधीच बजावलं होतं. मिसेस वाइगल त्यांच्या मागून आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी स्टीलचं टेबल पुसलं. ट्रिनाने सही करण्यासाठी पेन उचललं तेवढ्यात जनेल, हात पिठाने भरलेले, मध्येच म्हणाली, "थांब. सर, पहिल्या वर्षाचा पगार किती?"

वासिंगरांनी आकडा वाचून दाखवला.

"सेंट ओटिलियाहून आलेल्यांनाही एवढाच?"

"एवढाच, जनेल."

"त्यांच्या हातात एवढे उरतात?"

वासिंगरांनी मागे वळून पाहिलं. दाराशी मिसेस वाइगल म्हणाल्या, "नाही."

"हिच्या हातात उरतील?"

"सगळे," मिसेस वाइगल म्हणाल्या.

"मग ठीक आहे," जनेल म्हणाली. "कर सही."

ट्रिनाने सही केली. जनेलने जाळी काढली आणि घडी करून माझ्या हातात दिली. मग टेबलावरचा, कणीक खरवडायचा माझा रुंद पत्रा उचलला आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मी ओरडले, "अगं, तो कुठे नेतेस?" ट्रिनाने मला खिडकीपाशी ओढलं. जनेल गाडीच्या मागे वाकून उभी होती, वाऱ्याने केस तोंडावर येत होते, आणि मागच्या काचेवरचं ते राखाडी स्टिकर कोपऱ्यापासून खरवडत होती. सहा वर्षांचं चिकटलेलं, ते सहजी निघत नव्हतं. ट्रिना धावत गेली आणि नखांनी दुसऱ्या टोकाकडून सोलायला लागली.

पत्रा परत आला तेव्हा त्याला स्टिकरचा डिंक लागलेला होता. मी तो दोनदा उकळत्या पाण्यातून काढला आणि दुसऱ्या दिवशीच्या रोलसाठी कणीक मळायला घेतली.